वडिलांच्या पुस्तकावर मुकुल शिवपुत्र यांची सही मागावी का?

मिरजकरीण

पुण्यात एका घरी गायक मुकुल शिवपुत्र यांची बैठक ठरते आहे. जाहिरात नाही, तिकीट नाही, ओळखीच्या ओळखीतून मला आणि मावशीला दोन जागा मिळाल्यात. ज्यांनी कळवलं त्यांनी तारीख सांगून वर "नक्की धरू नका" असंही सांगितलं. मुकुलजींच्या बाबतीत हे नवीन नाही, त्यामुळे रजा टाकली आहे आणि मन घट्ट केलं आहे.

प्रश्न गाण्याचा नाही, सहीचा आहे. माझ्याकडे बाबांची 'अनूपरागविलास'ची प्रत आहे, म्हणजे मुकुलजींचे वडील कुमार गंधर्व यांच्या बंदिशींचं पुस्तक. मौजेची, १९६५ची, पहिला भाग. पुठ्ठा पाठीकडून सुटलाय, बाकी शाबूत. बाबा पोस्टात होते. गाणं शिकलेले नव्हते, पण रविवारी पेटी काढून त्यातल्या बंदिशींचं नोटेशन एका बोटाने वाजवायचे आणि आई आतून ओरडायची, "गांधार चढा लागतोय!" (पेटीवर गांधार चढा कसा लागेल, हे तिला विचारायची कोणाची टाप नव्हती.)

पहिल्या कोऱ्या पानावर कुमारजींची सही आहे. सांगलीत एका मैफलीनंतर बाबांनी घेतली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की दर वेळी कुमारजी थोडे जास्त बोलायचे. शेवटी शेवटी तर त्यांनी बाबांकडे पोस्टाच्या बचत खात्याचीही चौकशी केली होती.

मला त्याच पानावर, त्या सहीच्या खाली, मुकुलजींची सही हवी आहे. बाबा जाऊन काही वर्षं झाली. मुकुलजींना समोर बसून ऐकायचं त्यांचं राहून गेलं. मावशी म्हणते, असल्या माणसाकडे सही मागायची नसते, लांबून नमस्कार करायचा आणि चपला शोधायला लागायचं. इथे भरपूर बैठका ऐकलेले, आयोजनात राबलेले लोक आहेत म्हणून विचारते. मागावी का? मागायची तर केव्हा, कोणाला मधे घालून? आणि कागद साठ वर्षांचा आहे, पेन कुठलं न्यावं?

ग्रीनरूमकाका

ताई, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी आमच्या गावच्या संगीत मंडळात ग्रीनरूमच्या दाराशी बसणारा माणूस. नोकरीतून निवृत्त झालो, दारातून नाही. गरम पाणी बघणं, तंबोरे जुळले की एसीला हात लावू न देणं आणि माणसं अडवणं, एवढंच काम. त्यामुळे सह्या मागणारे सगळे नमुने पाहिलेत.

आधी वेळेचं. कार्यक्रमाआधी मुळीच नाही. बाहेरच्याला वाटतं, बुवा नुसते बसलेत, तारा छेडतायत, दोन मिनिटांनी काय बिघडतंय. तेव्हाच बिघडतं. तंबोऱ्याच्या जवारीवरचा, तारेखालचा दोरा केसभर सरकला की आवाज उघडतो किंवा मिटतो, तो नेमका सापडत असताना कोणी "नमस्कार, आम्ही मिरजेहून आलो" म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. मध्यंतरातही नाही. पहिल्या रागातून माणूस पुरता बाहेर आलेला नसतो आणि पुढचा डोक्यात सुरू झालेला असतो.

भैरवी झाल्यावर लगेचही नाही. हे सहसा कोणी सांगत नाही. गाणं रंगलं असेल तर गायक पुढची दहापंधरा मिनिटं तुमच्याशी हसतो, बोलतो, पण त्याचं लक्ष कशातच नसतं. सदरा पाठीला चिकटलेला, घसा तापलेला. त्या वेळी मागितलेल्या सह्या मी पाहिल्यात. एका मोठ्या गवयांनी (नाव देत नाही) एकाच्या वहीत झोकदार सही करून खाली भलत्याच गावाचं नाव लिहिलं होतं. वहीवाला खूश. घरी गेल्यावर कळलं असेल बिचाऱ्याला.

रांगेलाही क्रम असतो. पहिले पाया पडणारे. मग "तुम्ही अठ्ठ्याहत्तर साली आमच्या काकांकडे उतरला होतात" वाले, हे लवकर हलत नाहीत. मग फोटोवाले. वहीवाले शेवटी, कारण ते मुळात भिडस्त. तुम्ही त्यांच्याही मागे थांबा. तंबोऱ्यांवर गवसण्या चढल्या, तबले बांधून झाले, चहाचा कप हातात आला, की मग. तेव्हाही थेट जाऊ नका. मागे तंबोऱ्याला जो बसला असेल त्याला हळूच विचारा. तो "आज नको" म्हणाला तर तेच उत्तर समजून निघा. त्याला का म्हणून विचारू नका, त्याला रोज तिथेच राहायचं असतं.

झालं तंत्र. पण पुस्तकाचं मला पटत नाही.

मुकुलजींचा जन्म १९५६चा. १९६१ साली त्यांच्या आई भानुमतीबाई गेल्या तेव्हा ते पाच वर्षांचे. तुमच्या हातातलं पुस्तक निघालं तेव्हा नऊ. त्यातल्या बंदिशी तुम्हाआम्हाला छापील मिळाल्या, त्यांच्या त्या घरातल्या. वडिलांकडे तालीम झालीच, शिवाय के. जी. गिंडे यांच्याकडे धृपद-धमार आणि एम. डी. रामनाथन यांच्याकडे कर्नाटक संगीत. रामनाथन म्हणजे दक्षिणेतल्या गवयांतही ज्यांची सावकाश चाल आणि खर्जातला आवाज लोक वेगळा काढून दाखवतात असे. घरात कुमार गंधर्व असताना इतकं लांबचं गाणं अंगात मुरवलेला हा गवई. आणि आपण श्रोते त्याला काय देतो? "कुमारजींचं अमुक होऊन जाऊ द्या" अशी चिठ्ठी. "डोळे मिटले तर अगदी वडील!" अशी दाद. दारात बसून हे वाक्य मी कितीतरी गवयांच्या मुलामुलींना ऐकवलेलं ऐकलंय. ते हसतात. कसं हसतात ते दारातून नीट दिसतं.

त्यात तुम्ही आता वडिलांच्या सहीखालची मोकळी जागा बोटाने दाखवणार, "इथे करा." त्यांना काय वाटेल ते मी कसं सांगू, कदाचित काहीच वाटणार नाही. पण दाराशी मी असतो तर तुम्हाला आत सोडलं असतं आणि पुस्तक माझ्याजवळ ठेवून घेतलं असतं.

सरळवट

काका, तुमचे प्रतिसाद मी आवडीने वाचतो, पण हे जरा जास्त होतंय. माणूस सत्तरीच्या घरातला आहे. नको वाटलं तर नको म्हणेल. तुम्ही त्याच्या वतीने आधीच दुखावून घेताय.

शिवाय एक गोष्ट विसरताय. 'कुमार गंधर्व' ही लहानपणी मिळालेली पदवी. आईवडिलांनी ठेवलेलं नाव शिवपुत्र. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. घरातले बाकीचे कोमकली लावतात. कुमारजींची मुलगी कलापिनीताई कोमकली, मुकुलजींचा स्वतःचा मुलगा भुवनेश कोमकली. मुकुलजी मात्र आडनावाच्या जागी शिवपुत्र लावतात. म्हणजे जाहिरातीत, रेकॉर्डिंगवर, जिथे जिथे त्यांचं नाव छापलं जातं तिथे वडिलांचं नाव त्यांनी स्वतः जोडलेलं आहे. त्या माणसाला वडिलांच्या सहीखाली सही करायचा काच होईल, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

ताई, बिनधास्त विचारा. बाबांची पेटीवरची एक बोटाची गोष्ट सांगा. कलावंताला "आपण ग्रेट आहात" ऐकून कंटाळा येतो, गोष्टींचा नाही.

ग्रीनरूमकाका

नावाचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण नाव लावलं ते त्यांनी, पान पुढे करणार आपण. मी माझ्या मतावर आहे. आणि गोष्टी सांगायचं म्हणाल तर त्या "अठ्ठ्याहत्तर साली आमच्या काकांकडे" वाल्याच्याही गोष्टीच असतात हो.

संपादक

इथला एक प्रतिसाद काढून टाकला आहे. २००९च्या आसपास वर्तमानपत्रांत जे छापून आलं ते या धाग्यावर उगाळू नये. विषय सहीचा आहे.

अनुजा (एडिसन, न्यू जर्सी)

धन्यवाद संपादक. मी तेच लिहायला आले होते.

इकडचं सांगते. इकडे सही हा धंदा आहे आणि त्यामुळे कलाकारांचा त्यावरचा विश्वासच उडालाय. रिंगो स्टारने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ टाकून जाहीर केलं, की २० तारखेनंतर सहीसाठी आलेली कुठलीही वस्तू कचऱ्यात जाईल. सगळं 'शांती आणि प्रेम' म्हणत म्हणत! लोक चिडले. पण बीटल्सच्या माणसाची सही दुसऱ्या दिवशी ईबेवर विकायला असते, हे त्याने किती वर्षं बघायचं?

त्याहून मजेदार बॉब डिलनचं. २०२२ साली त्याच्या पुस्तकाच्या ९०० प्रती 'स्वहस्ते सही केलेल्या' म्हणून ५९९ डॉलरला विकल्या. सोबत प्रकाशकाचं खात्रीपत्र. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो नेटवर शेजारी शेजारी लावले, तर सह्या हुबेहूब सारख्या. यंत्राने केलेल्या! प्रकाशकाला पैसे परत द्यावे लागले, डिलनलाही माफी मागावी लागली. चक्कर यायचा त्रास होता, करोनाचा काळ होता, असं कारण दिलं. मला तरी त्यात फसवणुकीपेक्षा कंटाळा जास्त दिसला. नऊशे वेळा स्वतःचं नाव लिहायचं म्हणजे शाळेतली शिक्षाच.

तर मिरजकरीण, एक उपयोगाचं. सही मिळालीच तर वर तुमचं किंवा बाबांचं नाव घालून मागा. 'अमुक यांस' असं लिहिलेली सही विकणाऱ्याच्या कामाची नसते, हे कलाकारांना चांगलं माहीत असतं. नाव घालून मागणाऱ्याकडे ते जरा वेगळ्या नजरेने बघतात. फक्त नाव कागदावर आधी लिहून समोर ठेवा. दमलेल्या माणसाला स्पेलिंग सांगत बसू नये, मराठीत तर वेलांट्या.

आत्याचाभाचा

सहीवरून आठवलं म्हणून. माझी आत्या वॉर्डन रोडला राहायची, त्याच भागात 'आकाशगंगा' इमारतीत सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णा देवी. १९५०च्या दशकानंतर त्यांनी जाहीर वाजवलंच नाही, त्यामुळे बैठकीनंतर गाठण्याचा प्रश्न नव्हता. घराच्या दारावर पाटी होती: सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडलं जाणार नाही, बेल तीनदाच वाजवा, कोणी आलं नाही तर नाव-पत्ता ठेवून जा. किती स्वच्छ! रागावणं नाही, शिष्य मधे घालणं नाही. इंदिरा गांधींनी शब्द टाकल्यावर बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला त्यांचा रियाज ऐकायला मिळाला, असं बऱ्याच ठिकाणी छापून आलंय. बाकीच्यांना पाटी.

आणि हे दार बंद करणं म्हणजे माणूसघाणेपणा, असं म्हणणाऱ्यांनी त्या घरातून कोण कोण शिकून बाहेर पडलं ते बघावं. हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी, आपले नित्यानंद हळदीपूर. शिकायला येणाऱ्याला दार उघडत होतं.

मुकुलजींच्या दाराला अशी पाटी असती तर मिरजकरीण ताईंना इथे विचारावं लागलं नसतं.

धागेतिरकिट

मी तबला शिकतोय, मोठ्यांच्या कार्यक्रमांत सामान उचलायला जातो. माझं एक म्हणणं. बैठकीनंतर सगळी गर्दी गायकाकडे, आणि तबल्यावर, पेटीवर ज्यांनी दोन दोन तास लय धरून ठेवली ते कोपऱ्यात हातोडी आणि तबल्याखालच्या चुंबळी गोळा करत असतात. त्यांच्याकडे वही घेऊन कोणीही जात नाही. गेलात तर आधी मागे वळून बघतात, सही नक्की आपलीच मागताय ना. मुकुलजींसारखे कधी विलंबित फार सावकाश नेणारे गायक असतील तर तबलजीची कसोटी बघा. ठेका तोच, पण मधली पोकळी सांभाळायची. हात शिवशिवतात आणि भरायचं नाही. त्या माणसाची सही घ्या. पुस्तकावर नाही, वेगळ्या कागदावर.

कागदकिडा

पेनाचं कोणीच सांगितलं नाही, मी सांगतो. जुन्या पुस्तकांची बांधणी करतो.

साठीतल्या कागदाची खळ गेलेली असते, तो टिपकागदासारखा शाई ओढतो. शाईचं पेन नेलंत तर सही फुटेल, जेल पेनचंही तेच. जाड मार्कर अजिबात नको. काही वर्षांत त्याची शाई पानाच्या पलीकडे उतरते आणि भोवती पिवळट तेलकट कडा धरते. पलीकडे कुमारजींचं काही असेल तर तेही जाईल. साधं काळं बॉलपेन न्या, पण घरी त्याच पुस्तकाच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यावर रेघ मारून बघा. पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं ड्रॉइंग पेन मिळालं तर सगळ्यात उत्तम. पानाखाली कडक पुठ्ठा सरकवा, नाहीतर मऊ गठ्ठ्यावर लिहिताना टोक कागदात रुततं. सही झाली की बटर पेपर घालून मिटा.

आणि पाठ सुटलीय म्हणता, तर कृपा करून सेलोटेप लावू नका. लावली असेल तर ओढून काढू नका.

मिरजकरीण

सगळ्यांचे आभार. सेलोटेप लावलेली आहे. बाबांनीच लावली होती, पोस्टाच्या सवयीने चारी बाजूंनी.

काका, तुमचा प्रतिसाद मावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली, हा माणूस लग्नाचा आहे का विचार. (काकू असतील तर माफी.) तिचं मत बदललेलं नाही, तुमच्यामुळे उलट पक्कं झालं.

माझं थोडं हललं. सरळवट यांचा नावाचा मुद्दा वाचल्यावर परत पहिल्या जागेवर आलं. मग काल रात्री पुस्तक काढून बसले. पहिलं पान सारखं बघायची सवय आहे, शेवटचं फारसं बघितलेलं नव्हतं. तिथे मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला बाबांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपून ठेवलंय: रेडिओवर मुकुलजींना जेव्हा जेव्हा ऐकलं त्याची तारीख, राग, आणि पुढे एकदोन शब्द. 'केदार. उत्तम.' 'जयजयवंती. वीज गेली.' 'बागेश्री. शेवटी खरखर, शेजारचा मिक्सर.' एका ठिकाणी नुसतं 'हे कुठून आणलं?' राग लिहिलेला नाही. बाबांना ओळखला नसावा, आणि कोणाला विचारायचं तर आईला कळलं असतं.

तर त्या पानावर मागितली तर? तिथे कुमारजी नाहीत. फक्त मुकुलजी आहेत आणि मिक्सर.

ग्रीनरूमकाका

काकू आहेत आणि त्यांनी हा धागा वाचला. हसल्या. मावशींना नमस्कार.

त्या पानासाठी मी पुस्तक आत सोडलं असतं. पान आधी उघडून ठेवा, खूण घाला, म्हणजे पहिल्या पानावरून चाळत जायची वेळ येणार नाही. काही बोलू नका, पान हातात द्या. वाचायचं असेल तर वाचतील. आणि त्यांनी 'हे कुठून आणलं' च्या पुढे रागाचं नाव भरून दिलं तर इथे येऊन लिहा, मला तारीख सांगा. बहुतेक तो कार्यक्रम माझ्याकडे स्पूलवर आहे.

सरळवट

म्हणजे शेवटी पुस्तक तेच, सही तीच, फक्त पुढून मागे. एवढं सगळं रामायण करून काकांनी परवानगी दिली! ताई, माझ्या मते तुम्ही दोन्ही पानं घेऊन जा आणि त्यांनाच निवडू द्या.

कागदकिडा

मलपृष्ठाची आतली बाजू म्हणजे चिकटवलेला अस्तराचा कागद, तो आतल्या पानांपेक्षा जाड असतो. तिथे बॉलपेन बिनधास्त चालेल. पेन्सिलीच्या नोंदींवर मात्र हात फिरू देऊ नका, ग्राफाइट पसरतं. त्यांचा हात उजवा असेल तर नोंदींच्या उजव्या बाजूला जागा दाखवा.

धागेतिरकिट

बैठक नक्की कुठे आहे? अजून जागा आहेत का?

ग्रीनरूमकाका

मी या बैठकीचा आयोजक नाही, पत्ता मलाही माहीत नाही. कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नयेत. आत्तापर्यंत अकरा आलेत.